ओळंबा

लुत्सियान शुक्रवारी दुपारी गेला.
नऊ दिवसांचा राईच्या पावाचा चुरा
आणि खिडकीच्या कट्ट्यावर विसरलेली पेन्सिल,
एवढं मागे राहिलं. आणि भिंत.

संध्याकाळी टब भरून पडले, चष्म्यासकट.
तिथेच चुकलं. चष्मा काढायला हवा होता.

सहावी ओळ, खिडकीकडून तिसरी टाइल.
खालचा डावा कोपरा नखाच्या जाडीइतका पुढे.
बास, एवढंच.
पण दिवा तिरपा आहे,
त्या नखाची सावली बोटभर लांबते
आणि उरलेल्या दोनशे अठरा टाइल
दिसेनाशा होतात.
पाणी गार झालं. उठले, टॉवेल गुंडाळला,
नाणं घेऊन एकेक टाइल वाजवून पाहिली
कलिंगड वाजवून घ्यावं तशी.
दोन पोकळ निघाल्या. त्याही वहीत लिहिल्या.

एकतीस वर्षं मी जहाजांचे नकाशे काढले
ग्दिन्याच्या गोदीत, तिसऱ्या मजल्यावर, उत्तरेच्या उजेडात.
दोन मिलिमीटर म्हणजे काय
हे मला कुणी शिकवू नये.
दोन मिलिमीटरमधून समुद्र आत येतो.

शनिवारी फोन केला, आवाज मुद्दाम चढा ठेवून.
"येतो," म्हणाला. पुढे काही नाही.
मी एक वाक्य घासूनपुसून तयार ठेवलं होतं:
नाचता येईना, अंगण वाकडं.
तो सबब सांगेल, की फेकायचं तोंडावर.

त्याने सबब सांगितली नाही.
टोपी काढली, स्टुलावर चढला,
जिथे कपाट येणार म्हणून भिंत उघडीच होती
तिथे वर खिळ्याला दोरी बांधून
पितळी ओळंबा सोडून दिला.
ओळंबा डुलला, डुलला, थांबला.
वर दोरी भिंतीला टेकलेली.
खाली दोरी आणि भिंत यांत
माझी तीन बोटं सहज मावली.

अंगण खरंच वाकडं होतं.

"चौऱ्याहत्तरची इमारत, बोगुमिवाबाई," तो म्हणाला,
"डिसेंबरात उभी केलेली. आकडा पुरा करायचा होता ना.
ही तीन बोटं मी बावीस ओळींत
वाटत वाटत आलो.
एक दाणा उरला. तो इथे निघाला."

तो डिसेंबर मलाही आठवतो.
आम्हालाही एक जहाज पाण्यात सोडायचं होतं.
माझ्या नकाशात एकेचाळिसाव्या फासळीला
चार मिलिमीटर कमी पडले होते, माझ्याच हातून,
आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.
फोरमन तेओफिलने दोन रात्री पत्रा तापवून,
हातोडीने समजूत घालून तो जागेवर आणला.
बोलला नाही.
अकरा वर्षांनी त्याच्या दफनानंतर, हेरिंगची बशी पुढे करताना
त्याच्या बायकोने सांगितलं. सहज.
बशी माझ्या हातात तशीच राहिली होती.

"काढून पुन्हा लावतो," लुत्सियान म्हणाला,
"पण शेजारच्या दोन फुटतील.
या छटेच्या तीनच उरल्यात. डबा आता मिळत नाही.
ही काढू, की त्या पोकळ दोन?"

मी वही मिटली.
पोकळ काढ, म्हटलं.

तासाभरात झालं. सांधे भरले, स्पंज पिळला.
ठरलेले पैसे सगळे दिले, आणि त्याची पेन्सिल.
त्याने टोकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
काल रात्री, रागारागात,
मी तिला टोक काढून ठेवलं होतं.

उरलेली एक टाइल कपाटामागे उभी आहे.

अजून खटकतो तो कोपरा. खोटं कशाला बोलू.
सून श्टेचिनहून येते तेव्हा
शाम्पूची बाटली मी बरोबर त्याच्यापुढे ठेवते.
ती गेली की उचलते.
मग चष्मा बेसिनवर, दिवा बंद,
आणि भिंतीवरून हात सरकवत टबात उतरते.
गुळगुळीत, गुळगुळीत, गुळगुळीत,
आणि मग बोट अडतं.